डोक्यामागचे केस

माशीच्या अळीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, माशी ओळखायची सुरुवात इथूनच होते. निमुळतं टोक दिसतं ते तोंडाचं. आत दोन काळे आकडे असतात. दुसऱ्या, बोथट टोकावर डोळ्यांसारखे दोन तपकिरी ठिपके असतात. पहिल्यांदा बघणारा हमखास त्यालाच चेहरा समजतो. ती खरं तर अळीची श्वासरंध्रं. अन्नात डोकं खुपसून खाणाऱ्या जिवाला श्वास मागून घ्यावा लागतो.

बेळगावच्या टिळकवाडीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. जखमेतल्या अळ्या अधूनमधून आमच्याकडे येतात, लघवीच्या नमुन्याच्या डबीत घालून. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेतल्या असतात, तर कधी एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकातल्या. रिपोर्टमध्ये 'अळ्या आढळल्या' एवढं लिहिलं की काम झालं. टर्पेंटाइनचा बोळा, चिमटा, जखमेची सफाई, हे सगळं अळी कुणाचीही असली तरी जवळपास तेच. ती कुणाची, हे विचारायची गरज कुणालाच नसते. मी विचारायला लागले, कारण मायक्रोस्कोप समोरच होता आणि दुपारी तीन ते चार या वेळात आमच्याकडे फारसं कुणी येत नाही.

अळीचं मागचं टोक ब्लेडनं कापायचं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात ठेवायचं. कातडीवरची बुरशी शोधायला आम्ही रोज वापरतो तेच हे द्रावण. मांस विरघळतं, कवच राहतं. मग काचपट्टीवर त्या प्रत्येक ठिपक्याची एक चकती झालेली दिसते आणि चकतीत तीन फटी. घरमाशीची अळी असेल तर फटी नागमोडी. हिरव्या माशीची, म्हणजे ल्युसिलियाची असेल तर सरळ, आणि भोवतीचं कडं पूर्ण मिटलेलं. क्रायसोमाया, म्हणजे हिरव्या माशांतलीच दुसरी, असेल तरी फटी सरळच, पण कडं एका जागी उघडं राहिलेलं. मांसमाशीच्या चकत्या एका खोल खड्ड्यात बसलेल्या असतात आणि खड्ड्याच्या काठावर मांसल गाठी असतात. अर्धा मिलिमीटरही नसेल असल्या जागेत चार घरांचे चार नकाशे.

पण घरच. घरातला माणूस कोण, ते अळीवरून बऱ्याचदा सांगता येत नाही. त्यासाठी अळी वाढवावी लागते, कोषात जाऊ द्यावी लागते आणि माशी बाहेर यायची वाट बघावी लागते. बरणीत लाकडाचा भुसा, त्यावर कलेजीचा तुकडा, तोंडाला मलमलचं फडकं. बरणी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं. आमच्या आईनं या प्रकाराला काय काय नावं ठेवली ती इथं लिहीत नाही.

कोषातून माशी निघताना एकदा तरी बघावी. तिच्या कपाळात एक पिशवी असते. रक्ताच्या दाबानं ती फुगते, कोषाचं झाकण ढकलून उडवते, आत जाते, परत फुगते. बाहेर आलेली माशी राखाडी, ओली, पंख चुरगळलेले, आणि कपाळ खाली-वर होत असलेलं. तासाभरात रंग चढतो, पंख ताठ होतात. पिशवी कायमची आत ओढली जाते आणि मिशांच्या वर उलट्या 'यू'च्या आकाराची एक शिवण उरते. घरमाशी, मांसमाशी, हिरवी माशी, फळमाशी या सगळ्यांच्या कपाळावर ही खूण जन्मभर राहते. डासाला ती नसते, गोठ्यातल्या मोठ्या गोमाशीलाही नसते. एका शिवणीवरून माशांच्या दुनियेचा केवढा तरी मोठा भाग बाजूला करता येतो. मला पुस्तकातलं वर्गीकरण कॉलेजात कधी कळलं नव्हतं, ते त्या बरणीपाशी कळलं.

आता हिरव्या माशा. बेळगावात मटण मार्केटमध्ये, कचऱ्याच्या कुंडीवर, मंगाई यात्रेच्या आठवड्यात तर वडगावात जिकडंतिकडं ज्या चकचकीत हिरव्या-निळ्या माशा दिसतात, त्या एकाच जातीच्या नसतात. सगळ्यांत धटिंगण ती क्रायसोमाया मेगासेफाला. डोकं मोठं, डोळे लालभडक, गाल नारिंगी. नराचे डोळे भिंगाखाली धरले तर वरच्या भागातले कण खालच्यांपेक्षा कितीतरी मोठे दिसतात आणि दोन्ही भागांमधली सीमा स्पष्ट असते. तिची बहीण क्रायसोमाया रुफिफेसीस. तिला ओळखायला डोळे सोडून मानेच्या बाजूला, छातीवरच्या पुढच्या श्वासरंध्राकडे जायचं. रुफिफेसीसचं ते रंध्र पांढरट असतं, मेगासेफालाचं गडद तपकिरी. भिंग बरं असेल तर नुसतं एवढं पुरतं. रुफिफेसीसच्या अळ्यांच्या अंगावर मांसल काटे असतात आणि त्या दुसऱ्या माशांच्या अळ्या खातात. एका जखमेत किंवा एका मेलेल्या कुत्र्यात दोन्ही असल्या, तर शेवटी कुणाच्या माशा उडणार हे त्यावर ठरतं.

ल्युसिलियापाशी मात्र खरा कस लागतो. ल्युसिलिया सेरिकाटा आणि ल्युसिलिया क्युप्रिना. आकार तोच, चमक तीच, बसायची जागा तीच. एक खूण सांगतात की पुढच्या पायाची मांडी बघावी. क्युप्रिनाची हिरवी चमकते, सेरिकाटाची काळपट निळी. पण वाळलेल्या माशीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, काळपट निळं कुठं संपतं आणि हिरवं कुठं सुरू होतं हे माझ्यासारखीनं शपथेवर सांगू नये. रंग मला भरवशाचे वाटत नाहीत. केस मोजता येतात.

ते केस असतात डोक्याच्या मागच्या बाजूला. माशीच्या टाळूवर दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड, राठ केस उभे असतात. त्यातल्या आतल्या केसाच्या खाली, मानेकडे उतरणाऱ्या भागावर, बारीक लव असते. सेरिकाटामध्ये तिथं प्रत्येक बाजूला सहा ते आठ केस. क्युप्रिनामध्ये एक. बस, एवढंच. आणि ही जागा माशी धडावर डोकं टेकवून वाळली असेल तर दिसतच नाही. म्हणून टाचणी लावताना, माशी अजून मऊ असताना, बारीक सुईनं डोकं किंचित पुढं वाकवून ठेवायचं. मग उजेड. वरून पडणारा उजेड चालत नाही, चमकेत केस हरवतात. टेबल लॅम्पवर ट्रेसिंग पेपर लावायचा, दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणायचा आणि माशी हळूहळू फिरवायची. एका कोनात टाळूमागं काहीच नसतं. अंशभर फिरली की केस उभे राहतात, त्यांच्या सावल्याही. सावल्या मोजायच्या नाहीत, हे पहिल्यांदा स्वतःला बजावावं लागतं. केस गळून पडला असेल तरी त्याच्या मुळाशी गोल खळगी राहते. ती धरायची. मी दोन्ही बाजू मोजते, कारण एका बाजूचा केस कमी-जास्त असू शकतो.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. क्युप्रिना म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना रडवणारी माशी. जिवंत मेंढीच्या लोकरीत अंडी घालते आणि अळ्या कातडी खातात. सेरिकाटाच्या अळ्या प्रयोगशाळेत निर्जंतुक करून जखमेवर मुद्दाम सोडतात, सडलेलं मांस खाऊन जखम स्वच्छ करायला. एकीच्या मागं औषधांचे फवारे, दुसरी दवाखान्यात. गोकाक-रायबागकडून कळप घेऊन येणाऱ्या धनगरांना विचारलं तर ते या दोघींना एकाच शिवीत बसवतील, आणि त्यांचंही चूक नाही.

माशीच्या अंगावरचा कुठला केस कुठं आणि त्याला काय म्हणायचं याची रीतसर मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओस्टेन-साकेन यांनी केली. माणूस रशियाचा राजनैतिक अधिकारी, न्यूयॉर्कमध्ये वाणिज्यदूत. भारतातल्या माशांवरचे जुने इंग्रजी खंड १९१२ पासून लिहिणारे एन्रिको ब्रुनेटी पेशानं संगीतकार, कलकत्त्यात मुक्काम. १९४० मध्ये हिरव्या-निळ्या माशांच्या कुळावरचा खंड तिघांनी मिळून लिहिला, त्यातले सीनियर-व्हाइट बंगाल-नागपूर रेल्वेत हिवतापाचं काम बघायचे. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. दिवसभर दुसरंच काहीतरी करणाऱ्या लोकांनी संध्याकाळी केस मोजले आणि त्यावर अजूनही आपण चाललो आहोत.

घरमाशीवर फार वेळ घालवायला नको. पाठीवर चार काळ्या रेघा, आणि पंखातली चौथी लांब शीर शेवटी काटकोनात वळून वर जाते. गोठ्यात तिच्याच आकाराची एक चावरी माशी असते, स्टोमॉक्सिस. म्हशीच्या पायावर डोकं वर करून बसते, सोंड पुढं काढलेली, आणि तिची चौथी शीर हळुवार वळते. जांबोटीकडं पावसाळ्यात "माशी चावाली" म्हणून लोक सांगतात आणि शहरातले हसतात. घरमाशीला चावता येत नाही हे खरं, पण चावणारी ती नव्हेच. पुढं जाऊ.

मांसमाशी. राखाडी, पाठीवर तीन काळ्या रेघा, पोटावर चौकटी-चौकटींची नक्षी, आणि ती नक्षी उजेड बदलला की बदलते. जगात या कुळातल्या हजारो प्रजाती आहेत आणि पाठीकडून बघितलं तर त्यातल्या बऱ्याच एकाच आईच्या लेकी. केसांच्या हिशेबानं थोडं पुढं जाता येतं आणि मग रस्ता संपतो. तिथून पुढची ओळख फक्त नराच्या जननेंद्रियात.

हे काम ताज्या माशीवर करावं. नर कसा कळतो? डोळ्यांमधली पट्टी अरुंद, मादीची रुंद. पोटाच्या टोकाला खालच्या बाजूला एक काळा किंवा लालसर गोळा दुमडून बसवलेला असतो. वाकड्या टोकाची टाचणी त्या गोळ्याच्या मागं अडकवायची आणि अलगद मागं ओढायचं. चटकन ओढलं तर पोटच निघतं. सगळं बाहेर येतं तेव्हा दोन वाकड्या, टोकदार फाळ्यांचा एक अडकित्ता दिसतो. नर त्यानं मादीला धरतो. आणि त्याच्या पुढच्या बाजूला ते इंद्रिय, ज्यावर सगळ्या कुळाची शहानिशा अवलंबून. वाळलेल्या नमुन्यात पोटाचं टोक कापून पोटॅशमध्ये रात्रभर ठेवायचं, मग पाण्यानं धुवायचं, मग ग्लिसरीनच्या थेंबात. ते तांबूस पारदर्शक झालं की त्याच्यावर पडदे, काटे, नळ्या, दुमडी, दातेरी कडा असं काय काय उलगडत जातं. मिलिमीटरभराच्या अवयवात एवढं कोरीवकाम कशासाठी, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

फ्रान्सच्या लेओं द्युफूर यांनी १८४४ मध्ये उत्तर दिलं होतं: कुलूप आणि किल्ली. प्रत्येक प्रजातीच्या नराची किल्ली त्याच प्रजातीच्या मादीच्या कुलपात बसते, म्हणून भेसळ होत नाही. ऐकायला चोख. अडचण एवढीच की कितीतरी प्रजातींत किल्ल्या भिन्न आणि कुलपं जवळपास सारखी निघाली. १९८५ मध्ये जीवशास्त्रज्ञ विल्यम एबरहार्ड यांनी वेगळी बाजू जोरात मांडली: हा मादीच्या निवडीचा परिणाम. मादी समागमानंतरही कुणाचं बीज वापरायचं हे आतल्या आत ठरवू शकते, आणि नराचे अवयव तिला पटवण्याच्या चढाओढीत पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात. म्हणून दोन प्रजाती नुकत्याच वेगळ्या झाल्या असल्या तरी आधी हाच भाग वेगळा दिसायला लागतो, बाकी अंग मागाहून. मला एबरहार्ड पटतात. पण द्युफूर यांचं कुलूप अजून पूर्णपणे बाद झालेलं नाही, असं म्हणणारेही आहेत.

याचं उत्तम उदाहरण केळ्यांवरच्या चिलटांत आहे. प्रयोगशाळांतली प्रसिद्ध ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर आणि तिची बहीण ड्रोसोफिला सिम्युलान्स. १९१९ पर्यंत या दोघी एकच समजल्या जात होत्या. अमेरिकेतले आनुवंशशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांच्या लक्षात आलं की काही संकरांतून नुसत्या मुलीच निपजताहेत आणि त्याही वांझ. मग त्यांनी नरांची टोकं तपासली. पाठीमागच्या कमानीवर एक पाळी असते. सिम्युलान्समध्ये मोठी, गोलसर शिंपल्यासारखी, मेलॅनोगास्टरमध्ये छोटी आकडी. बाहेरून दिसणारा भरवशाचा फरक तो एवढाच. माद्यांवरून आजही नुसत्या नजरेनं ठामपणे सांगता येत नाही. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाच्या वाणांचा साठा सांभाळणारं केंद्र आहे, तिथं असल्या प्रत्येक बाटलीवर नाव आहे, कारण कुणीतरी त्यातला नर उलटा करून बघितलेला आहे.

मादीचं काय करायचं, हा माझ्या छंदातला सगळ्यांत मोठा प्रश्न. मांसमाशीची मादी, अंडी न घालता थेट जिवंत अळ्या टाकणारी, समोर येते. बरणीत तिच्याबरोबर तिचा भाऊ निघाला असेल तर भावावरून तिचं नाव लावता येतं. एकटी आली असेल तर 'सार्कोफॅगा, प्रजाती अनिश्चित, मादी' एवढं लिहून पेटीत जाते. माझ्या पेटीत असल्या लेबलांचीच बहुसंख्या आहे. घरी आलेली माणसं ती पेटी बघतात आणि म्हणतात, "अगं, एवढं भिंग लावून शेवटी अनिश्चितच?" लॅबमध्ये याची सवय असते. नमुना गोठला, कमी पडला, बाटली चुकीची, की आम्ही आकडा देत नाही, परत मागवतो. रुग्णाचे नातेवाईक वैतागतात. अंदाजे काहीतरी लिहून द्या म्हणतात. अंदाजानं लिहिलेली साखर आणि अंदाजानं लिहिलेली प्रजाती, दोन्ही कागदावर अगदी खऱ्यासारख्या दिसतात, तिथंच तर त्यांचा धोका आहे. अनिश्चित लिहायलाही एक तयारी लागते: आपण कुठल्या खुणेपर्यंत पोचलो, कुठली दिसली नाही आणि का दिसली नाही, हे सांगता आलं पाहिजे. 'मादी आहे' हे पुरेसं कारण आहे. 'कंटाळा आला' हे नाही.

लेबलाचंही एक बेळगावी प्रकरण आहे. जुन्या संग्रहांतल्या इकडच्या कीटकांवर 'बेळगाव, मुंबई इलाखा' असं लिहिलेलं सापडतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर शहर बेळगावी झालं. मी लेबलावर दोन्ही नावं लिहिते, गाव-तालुका लिहिते, आणि खाली अक्षांश-रेखांश टाकते. सुप्रीम कोर्टात काहीही निकाल लागो, अक्षांश हलायचे नाहीत. लेबलाची भाषा कुठली, हा प्रश्न मला एका सद्गृहस्थांनी गंभीरपणे विचारला होता. तीन मिलिमीटर रुंद कागदावर जी मावेल ती, असं उत्तर दिलं.

नावाला पैशाचं वजन येतं ते फळमाशीपाशी. माझ्या मामांची खानापूरच्या अलीकडं थोडी बाग आहे, आंबा आणि पेरू. आंबा चिरला की आत अळ्या वळवळतात, हा अनुभव आपल्याकडं कुणाला नाही? १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारतातून येणारा हापूससकट सगळा आंबा थांबवला, आणि त्याच्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळूसुद्धा. कारण मालात फळमाश्या आणि इतर कीड सापडत होती. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. तिकडं बंदरावर, विमानतळावर, आंब्यातली अळी बघून ती कुठली हे ठरवणारं कुणीतरी भिंग घेऊन बसलेलं असतं. त्या माणसाची मला फार उत्सुकता आहे.

मामांच्या झाडांना सापळे टांगलेले आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला 'रक्षक' सापळा किंवा त्याच्यासारखे प्लॅस्टिकचे डबे, आत मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला प्लायवुडचा ठोकळा. या वासाला नरच येतात. हा शोधही इथलाच, म्हणजे भारतातला. बिहारमधल्या पुसा इथं हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये लिहून ठेवलं की सिट्रोनेला तेलाकडं फळमाशीचे नर झेपावतात, आणि १९१५ पर्यंत त्यानं मिथाइल युजेनॉलपर्यंत माग काढला. तुळशीतही हेच द्रव्य असतं. अंगणातल्या वृंदावनावर उन्हाळ्यात पिवळसर, बारक्या कंबरेच्या माशा घिरट्या घालताना दिसल्या तर त्या भक्तीनं आलेल्या नसतात.

डबा वर्तमानपत्रावर उलटा केला की खच पडतो. मामा स्टूल ओढून शेजारी बसतात.

"काय बघालीस गं एवढं? सगळ्या एकच हाईत की."

"नाहीत, मामा. हा पंख बघा. पुढच्या कडेला सलग बारीक तपकिरी पट्टी आहे, टोकापर्यंत. पाठ काळी. पोटावर टी आकाराची खूण. ही बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. आणि ही तांबूस, हिच्या पंखाची पट्टी मध्येच तुटलीय, टोकाला फक्त ठिपका. ही झोनाटा. आणि हा ठिपकेवालाच, पण तोंडावर बघा, दोन काळे ठिपके जोडून आडवी रेघ झालीय. ही करेक्टा, पेरूवरची."

मामांनी भिंग घेतलं, बघितलं, परत दिलं. "बरं. मग तिघींना औषध वेगळं काय?"

"नाही. हाच डबा."

"झालं तर!"

यात ते बरोबर होते. पण त्यांच्या शेजारच्यानं तोच ठोकळा कारल्याच्या मांडवात टांगला होता, आणि डब्यात माशा पडत होत्या म्हणून तो खुशीत होता. पडत होत्या त्या मामांच्या आंब्यावरच्या. कारल्यातली माशी वेगळी. झ्युगोडॅकस कुकुर्बिटी: पाठीवर दोनऐवजी तीन पिवळ्या पट्ट्या, मधली पट्टी ही तिची खूण, आणि पंखातल्या आडव्या शिरेवर तपकिरी डाग. तिला मिथाइल युजेनॉलचं काही नाही, तिला क्यू-ल्यूर नावाचं दुसरं आमिष लागतं. पाठीवरची एक पिवळी रेघ बघितली असती तर त्या मांडवातली कारली वाचली असती. हे मामांना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या आळीला ऐकवलं, अर्थात स्वतःच्या शोधासारखं.

मात्र या केसाकेसाच्या हिशेबाचीही फजिती होते, आणि ती गोष्ट मला सगळ्यांत आवडते. २००३ मध्ये केनियात एक नवी फळमाशी सापडली. आशियातल्या डॉर्सालिसशी मिळतीजुळती, पण पाठीचा रंग काळ्यापासून तांबड्यापर्यंत कसाही. २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स असं नाव मिळालं. आफ्रिकाभर ती पसरली, निर्यातीवर निर्बंध आले, नियम झाले, सगळे त्या नावानं. मग बऱ्याच देशांतल्या अभ्यासकांनी पंख मोजले, जननेंद्रियं मोजली, डीएनए तपासला, दोन्हीकडच्या माशा एकत्र सोडून त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहिलं, नरांचे गंध तपासले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला की ही डॉर्सालिसच. इन्व्हाडेन्स नाव मोडीत निघालं. आग्नेय आशियातली पपाया नावाची आणखी एक 'प्रजाती' त्याच फेरीत डॉर्सालिसमध्ये विलीन झाली. शेजारची कॅरँबोली मात्र वेगळीच राहिली. म्हणजे फरक दिसणं पुरत नाही. तो प्रजातींमधला आहे की एकाच घरातला, हे केस सांगत नाहीत. त्यासाठी माशांनाच विचारावं लागतं, त्यांचं लग्न लावून.

तरीही डीएनए आला म्हणजे भिंग संपलं असं मला वाटत नाही. डीएनएची पट्टी जुळवायला आधी कुणीतरी नाव लावलेला नमुना लागतो, आणि त्या नमुन्याचं नाव केस मोजूनच लागलेलं असतं. ते चुकलेलं असेल तर यंत्रही तेच चुकलेलं नाव छान छापून देतं. फोनवरच्या ॲपचंही तसंच. पाठीवरून काढलेल्या हिरव्या माशीच्या फोटोला ते निमिषात 'ल्युसिलिया सेरिकाटा' म्हणतं. डोकं मागून दिसत नाही, मांडी दिसत नाही, मग कशावरून? बहुतेक जगात सेरिकाटाचे फोटो जास्त आहेत यावरून.

निपाणीहून माझा मावसभाऊ असले फोटो पाठवत असतो. तंबाखूच्या वखारीत माशा फार, त्याला वेळही असतो. परवा त्यानं पाठवलेली माशी एकदम सपाट होती, डोकं एका बाजूला, पंख दुसऱ्या, शेजारी चपलेची नक्षी उमटलेली. खाली प्रश्न: "कुठली गं ही?" त्याला कळवलं, घरमाशीच्या कुळातली नाही, कारण पंखाखाली छातीच्या बाजूला राठ केसांची एक ओळ वाचली आहे, त्यापलीकडं काही सांगता येणार नाही. पुढच्या वेळी चप्पल नको. काड्यापेटीत धर, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, मग फोटो तीन काढ: बाजूनं, पंख मोकळा पसरून, आणि डोक्याच्या मागून. नर मिळाला तर फोटो नकोच, काड्यापेटीच एसटीनं पाठवून दे. आणि फ्रीजरचं आधी वहिनींना सांग.